दबलेल्या खोक्यातला साउंडबार

४ जानेवारी, रविवार

सकाळी घरी पोचलो. चेन्नईवरून नागपूर म्हणजे पूरी रात्र आणि वरून थोडी. झोप नाही झाली, कारण साउंडबार मांडीवर होता. खोका एका कोपऱ्यात दबलेला आहे. आमच्या गोडाऊनमध्ये असा दबलेला माल स्टाफले स्वस्तात भेटते. आत काही झालं नसन. मी दोन वर्षांपासून इलेक्ट्रॉनिक लाइनमध्ये आहो, रोज ढीगभर साउंडबार माझ्या हातातून जातात. खोका उचलला की मले आतला दर्जा समजते. उघडून अजून एकही पाहिला नाही, पण त्याची गरज नाही पडली.

सुट्टी एका आठवड्याची. पुढच्या रविवारी, अकरा तारखेची गाडी, टिकीट कन्फर्म. केशवभाऊ म्हणजे आमचा मुकादम, भंडाऱ्याचा माणूस, विदर्भातले पोरं तोच नेते. निघताना त्यानं व्हॉइस पाठवला, जा बिनधास्त, टायमावर ये, या वेळी स्कॅनर तुलेच देऊन राहिलो. स्कॅनर म्हणजे खोक्यावरचा कोड वाचायची बंदूक. ज्याच्या हातात स्कॅनर तो खोके उचलत नाही, दुसऱ्यानं उचललेले वाचते. घरी मी दिवाळीतच सुपरवायझर झालो म्हणून सांगितलं आहे. खोटं नाही ते. थोडं आधी सांगितलं.

संकल्प: या आठवड्यात घराचा आवाज पूरा बदलून टाकायचा. बाबाचं जुनं होम थिएटर, पाच डबडे स्पीकर, एक वूफर आणि घरभर वायरी. घर आहे का केबलवाल्याचं ऑफिस. बाबा कामिनीआत्याकडे कळमेश्वरले गेले आहेत, बुधवारी येतील. तोपर्यंत सरप्राइज तयार.

५ जानेवारी, सोमवार

जुनं सगळं काढलं. सोपं नव्हतं. वायरी कुठून कुठं गेल्या होत्या काही समजत नव्हतं. एक भिंतीच्या वरून स्वयंपाकघरात, एक दरवाजाच्या फटीतून बाहेरच्या ओट्यावर, एक तं चक्क झरोक्यातून शेजारी रुखमा आजीच्या घरात. स्पीकर टीव्हीच्या चारी बाजूले ठेवतात, हे लहान पोराले बी माहीत आहे. बाबानं मेळ नाही घातला, जिथं मनात आलं तिथं एक ठोकून दिला.

आणि प्रत्येक वायरीले चिंधी बांधलेली. एकीले फुलाफुलाची, एकीले पट्टेवाली, एकीले पांढरी. बाबानं जिंदगीभर इतवारीत दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजलं, तुकडे घरी आणायची सवय गेली नाही. चिंध्या सोडून केरात टाकल्या. वायरी आणि स्पीकर भंगारच्या ठेल्यावर दिले. रुखमा आजीच्या खाटेजवळचा काढायले गेलो तं आजी म्हणे, काय गा अंकित, बिघडला काय. मी म्हटलं, नाही आजी, नवीन येऊन राहिला. आजी म्हणे, मंग हा कायले नेतो. म्हाताऱ्या माणसाले अपग्रेड समजावणं कठीण.

आई म्हणे, तुझे बाबा येऊ दे, मंग काढ. मी म्हटलं, मंग सरप्राइज काय राहिलं. आईनं फक्त वूफर देऊ दिला नाही. त्यावर तिचा पापडाचा डबा राहते. म्हणे, डब्याले जागा दे, मंग ने. ठीक आहे, राहू दे. एवढं ऐकलं पाहिजे आईचं.

६ जानेवारी, मंगळवार

खोका उघडला. एक लांब पट्टी, एक छोटा वूफर, दोन बारके स्पीकर मागं ठेवायले. सगळे वायरलेस. पण प्रत्येकाले प्लग लागते. म्हणजे वायर नाही असं नाही, वायर वेगळी. दोन एक्स्टेन्शन बोर्ड आणले. मंग समजलं टीव्ही जुना, त्याले ब्लूटूथच नाही, पट्टी जोडायले वायर पाहिजे. बर्डीच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणे, भाऊ, कोणत्या पोर्टची. मी म्हटलं, मी इलेक्ट्रॉनिक लाइनमध्येच आहो. तो म्हणे, मंग सांगा ना. मी दोन प्रकारच्या आणल्या. दुसरी लागली.

संध्याकाळी चालू केलं. हादरा बसला. टीव्हीत कोणी दरवाजा आपटला तं आमची कढई वाजली. आई स्वयंपाकघरातून म्हणे, काय पडलं. मी म्हटलं, सिनेमा इफेक्ट. आई म्हणे, बोलतात काय ते ऐकू येऊन नाही राहिलं. मी म्हटलं, समोर येऊन बस. आई म्हणे, पोळ्या तू लाटतो काय.

केशवभाऊचा व्हॉइस आला आहे. कामात होतो. नंतर ऐकतो.

७ जानेवारी, बुधवार

बाबा आले. मी दरवाजातच सांगितलं, बाबा, डोळे मिटा. बाबा म्हणे, गुडघ्यानं चालता येत नाही, वरून डोळे मिटू काय. आत आले. भिंतीकडे पाहिलं, जिथं खिळे होते तिथं. मंग पट्टीकडे पाहिलं. म्हणे, एवढाच? मी सगळं समजावलं, आवाज छताले लागून खाली येते वगैरे. बाबा ओट्यावर जाऊन बसले. तिथं ते रोज संध्याकाळी बसतात, बातम्या ऐकत. आज नुसते बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगून राहिले होते, पोरगा आला, सुपरवायझर झाला. मी आत गेलो.

सकाळची एक गोष्ट लिहायची राहिली. दुसऱ्या दिवशी बी सहा वाजता भजन लागलं नाही म्हणून रुखमा आजीनं भिंतीवर काठी ठोकली. म्हणे, शोभा, काय झालं वं, रामाजी बरा आहे ना. रामाजी म्हणजे बाबा. आई धावत गेली. आजीचं कंबरेचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच आहे. तिले वाटलं आमच्या घरी कोणी गेलं.

आईनं मंग मले समजावलं, कोणता स्पीकर कोणासाठी होता. दुपारची मालिका आई पोळ्या लाटत ऐकते आणि आजी खाटेवर पडून. पाहत दोघी बी नाही. भिंतीतून एकमेकीले बोलत राहतात. ती सासू काहून अशी करते, ते पोरगं कोणाचं. म्हणजे टीव्ही चालू राहते आणि खोलीत कोणीच नसते. मी म्हटलं, हे तं विजेचं नुकसान आहे. आई म्हणे, हो.

८ जानेवारी, गुरुवार

उपाय सापडला. मागचे दोन स्पीकर वायरलेस आहेत ना, मंग एक स्वयंपाकघरात, एक रुखमा आजीकडे. बाबानं वायरी ओढून जे केलं ते मी विनावायर करून दाखवतो. ओट्यासाठी तिसरा नाही, पण बाबाले तसंही कमी ऐकू येते.

स्वयंपाकघरातला चालला. आजीचा भिंतीपार गेला की तुटते. तुटला की त्यातून एक बाई इंग्रजीत बोलते, डिसकनेक्टेड. जुळला की परत बोलते. आजी म्हणे, ही कोण बाई आहे गा, घडीघडी येते आणि काम काय ते सांगत नाही. दुपारी आजीनं तिले झापलं. मी तिथंच होतो.

आजीच्या खाटेजवळ एकच प्लग, त्यात पंखा. थंडी आहे म्हणून पंखा काढला. आजी म्हणे, मच्छर तुझा बाप हाकलन काय.

केशवभाऊचे दोन फोन. गोडाऊनच्या टायमिंगमध्ये मले बोलायले जमत नाही, आणि त्याचं गोडाऊन दिवसरात्र चालते. स्टेटसवर मात्र साउंडबारचा फोटो टाकला, सगळे लाइट लावून.

१० जानेवारी, शनिवार

सिग्नलचा अभ्यास करून राहिलो. भिंतीत लोखंड असन. झरोका मोठा करायले पाहिजे. बाबाले विचारलं तं म्हणे, घर पाड पूरं, आवाज मोकळा येईन.

आईनं रस्त्यासाठी चिवडा केला. डब्यात भरताना म्हणे, तिथं जेवण कसं आहे गा आता. मी म्हटलं, फर्स्ट क्लास. भात राहते. बाकी बी भात राहते. आई म्हणे, रूमवरचे पोरं बरे आहेत ना. मी म्हटलं, बरे आहेत. नावं विचारले तिनं. एक आयुष आठवला. गोडाऊनमध्ये नावं लागत नाहीत, जाकिटावर नंबर राहते, त्यानंच हाका मारतात. माझा नंबर चांगला आहे, लक्षात राहण्यासारखा.

उद्याची गाडी पक्की. बॅग भरली.

११ जानेवारी, रविवार

सिस्टम अर्धी टाकून जाणं जबाबदार माणसाले शोभत नाही. आजी सकाळी भिंत ठोकून म्हणे, आज बी भजन नाही काय वं. अशा वेळेस गाडीत बसणं म्हणजे पळून जाणं. बाबाले सांगितलं, कंपनीनं सुट्टी वाढवली, मीच म्हटलं वाढवा. बाबा म्हणे, सुपरवायझरचं चालते वाटते तिथं. टोमणा होता का कौतुक, समजलं नाही. चेहऱ्यावरून बाबाचं काही समजत नाही, जिंदगीभर गिऱ्हाइकासमोर उभे राहिलेले.

केशवभाऊले मेसेज टाकला, ताप आहे. तसा घसा थोडा दुखून राहिला. मंग तो डिलीट केला, कारण एवढं लिहायची काय गरज, आणि आयुषले फोन केला, म्हटलं तूच सांग. आयुष म्हणे, भाऊ, तू स्वतः बोल ना, ते तुझी वाट पाहून राहिले. मी म्हटलं, तू सांग रे. केशवभाऊच्या चॅटमध्ये माझा असा एकही मेसेज नाही. त्याचे व्हॉइस एकाखाली एक, पहिला सोडून बाकी सगळ्यांवर न ऐकल्याचा निळा ठिपका. दिसायले चांगली रांग आहे.

बुधवारी संक्रांत. ती झाली की निघतो. गुरुवारची गाडी.

आईनं चिवडा परत बरणीत भरला. वरून त्यात शेंगदाणे जास्त टाकले. कदाचित तिले बरं वाटून राहिलं.

१३ जानेवारी, मंगळवार

झरोक्यातली जाळी काढली, आजीचा स्पीकर तिच्या खिडकीत ठेवला, आमची खिडकी उघडी. जुळला. दहा मिनिटं तुटला नाही. आजीले मालिकेतलं एक वाक्य पूरं ऐकू आलं. मी लाइन बदलली असती तं आज इंजिनिअर असतो. आठवीनंतर शाळा सोडली हे वेगळं. शाळेत हे शिकवत बी नव्हते.

उद्या संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, आईनं गल्लीतल्या बायका बोलावल्या. तेव्हाच डेमो देतो. खिडकी उघडी राहिली तं ओट्यावर बाबाले बी ऐकू जाईन. एकाच वेळी सगळ्यांले. जुन्या डबड्यांनी जे केलं त्याच्यापेक्षा भारी.

केशवभाऊचा आणखी एक व्हॉइस. आता सगळे मिळूनच ऐकतो, गाडीत.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत. सकाळचं

गल्लीभर पतंगा. छतावरून पोरं ओरडून राहिले. मी वर नाही गेलो, मोठे काम आहेत. बाबानं तिळाचा लाडू दिला. म्हणे, गोड बोल. मी म्हटलं, मी गोडच बोलतो. बाबा म्हणे, हो, तेच पाहून राहिलो.

तेच, संध्याकाळचं

लिहायचं नव्हतं, पण रोजनिशीत सगळं लिहिलं पाहिजे.

बायका बसल्या होत्या. मी गाणं लावलं. बाबा ओट्यावरून म्हणे, ढमढम ऐकू येते, माणसाचं बोलणं समजते काय ते दाखव. बराबर मुद्दा होता. बातम्या लावल्या तं जाहिराती सुरू. म्हणून मले सुचलं, फोन साउंडबारले जोडलाच आहे, केशवभाऊचा तो पहिला व्हॉइस लावू. माणसाचा आवाज, क्लिअर, आणि त्यात माझं कौतुक. बाबाले बी एकदा बाहेरच्या माणसाच्या तोंडून ऐकू दे. फोन टीव्हीसमोर ठेवला, दाबलं, आणि तिकडं कसं ऐकू येते ते पाहायले पळत रुखमा आजीकडे गेलो.

आजीच्या खिडकीतून केशवभाऊ एकदम साफ बोलून राहिला होता. जा बिनधास्त अंकित, तू कामाचा माणूस आहे, स्कॅनर तुलेच. आजी म्हणे, आज बराबर येऊन राहिलं. मी खूश.

एक संपला की पुढचा आपोआप लागते, हे मले माहीत नव्हतं. मी कधी एक पूरा ऐकतच नाही.

पुढचा लागला. अरे, टिकीट पक्कं आहे ना, एक मेसेज टाक फक्त. मी निघालो तं आजीनं मनगट धरलं. म्हणे, थांब गा, पुढं काय होते ते ऐकू दे. तिले मालिका वाटली. म्हाताऱ्या माणसाच्या हातात एवढी ताकद कुठून येते.

मंग तिसरा. फोन काहून नाही उचलून राहिला, मी वर तुझ्यासाठी शब्द टाकला आहे, मले खोट्यात पाडू नको. आजी भिंतीकडे तोंड करून म्हणे, शोभा, हा पोरगा फोनच उचलत नाही वं. रोज असं म्हटलं की भिंतीतून आईचं उत्तर येते. आज आलं नाही.

चौथा. आयुष सांगते तुले ताप आहे. तापात लाइट लावून साउंडबारचं स्टेटस टाकते काय कोणी. आजी हसली. म्हणे, खोटारडं आहे, पण गमतीचं आहे.

शेवटचा हळू आवाजात होता. तरी एक शब्द सुटला नाही. अंकित, स्कॅनर आयुषले दिला. तुझी खाट बी दिली, नवीन पोरगं आलं. यायचं असन तं खोके उचलायले ये, पहिल्यासारखं, नाही तं नको येऊ. पण घरी खरं काय ते सांग. तुझी माय मले दिवाळीत फोन करून म्हणे, पोराकडे लक्ष ठेवा. मी काय सांगू तिले.

मंग पट्टी चूप.

आजीनं माझा हात सोडला. भिंतीले म्हणे, शोभा, याले जायचंच नाही वं. त्या पोराले तिथं जायचंच नाही, दिसून राहिलं. मायले समजलं असन, बोलत नसन.

मंग स्पीकरमधली ती बाई बोलली, डिसकनेक्टेड.

१५ जानेवारी, गुरुवार

कालच्या टेस्टिंगचा रिझल्ट: आवाज क्लिअर, रेंज पूरी, स्वयंपाकघर, ओटा, शेजार, सगळीकडं पोचला. टेक्निकली पास.

बायका वाण घेऊन लवकर गेल्या. आईनं कोणाले थांबा म्हटलं नाही. मी आईले म्हटलं, केशवभाऊ जरा वाढवून बोलते. आई म्हणे, जेवून घे. मी म्हटलं, तू त्याले फोन केला होता हे मले सांगितलं नाही. आई म्हणे, तू बी नाही सांगितलं. मंग कणीक मळत राहिली. बराच वेळ मळली.

बाबा सकाळीच काठी घेऊन निघाले. मी म्हटलं, कुठं. म्हणे, पाय मोकळे करतो. ज्या गुडघ्यानं संडासले जायले वेळ लागते त्या गुडघ्यानं ते भंगाराच्या गोदामापर्यंत गेले. दुपारी रिक्षातून आले. मांडीवर दोन स्पीकर. वायरी नाही भेटल्या, त्यातलं तांबं आधीच काढून नेलं होतं. बाकीचे स्पीकर फुटले. नवीन वायर आणली.

मी म्हटलं, बाबा, वूफर पण दिला असता तं मशीनच गेली असती, कारण जुन्या सिस्टमचं सगळं मशीन वूफरच्याच डब्यात राहते. हे मले आज समजलं. बाबा म्हणे, पापडानं वाचवली.

स्टुलावर चढले. मी म्हटलं, मी चढतो. बाबा म्हणे, तू धर. मी स्टूल धरला. एवढ्या जवळून बाबाचा गुडघा कापताना कधी पाहिला नव्हता. पेटीतून दोन चिंध्या काढल्या, स्वयंपाकघराच्या वायरीले फुलाची, आजीच्या वायरीले पांढरी. गाठ मारताना खाली न पाहता म्हणे, गाडी कवाची आहे.

मी म्हटलं, जावंच लागन का.

बाबानं गाठ पक्की ओढली. मंग म्हणे, त्या माणसानं तुझ्यासाठी शब्द टाकला होता. तोंड तं दाखव त्याले. पुढचं पुढं.

सुपरवायझरबद्दल काहीच नाही बोलले. एकदा बोलून घेतलं असतं तं मोकळं झालं असतं.

ओट्यासाठी स्पीकर उरला नाही. पुढच्या सुट्टीत बाबाले कानात घालायचे ब्लूटूथ आणतो. दबलेल्या खोक्यातले नाही, नीट.

१६ जानेवारी, शुक्रवार

सहा वाजता भजन लागलं. आजीनं भिंतीवर काठी ठोकली, पण एकदाच, बरं आहे अशी.

दुपारी मालिका सुरू झाली. आजी म्हणे, शोभा, तो संक्रांतीचा पोरगा आज नाही दिसला वं. आई म्हणे, जाऊन राहिला तो उद्या. आजी म्हणे, बरं झालं. मंग थोड्या वेळानं म्हणे, एकटाच जाते काय.

आईचं उत्तर ऐकायले मी थांबलो नाही.

साउंडबार खोक्यात परत भरला. नीट बसला नाही, कोपरा आणखी दबला. आईनं तो दरवाजामागं उभा केला आहे.

स्वतःच विचार करून ठरवलं, लोडिंगमध्येच जायचं. स्कॅनरवाल्याचं एका जागी उभं राहून पोट सुटते. आयुषचं सुटनच. खोके उचलले की शरीर चांगलं राहते, आणि माल हातात घेतल्याशिवाय इलेक्ट्रॉनिक लाइन समजत नाही. केशवभाऊले फोन करणार होतो. तिथं गेल्यावर समोरासमोर बोलणं जास्त चांगलं.

१७ जानेवारी, शनिवार. गाडीत

जनरल डबा. संडासाजवळ बॅगेवर बसलो आहो. चिवडा दुसऱ्यांदा डब्यात आला. या वेळी आईनं शेंगदाणे वेगळे बांधून दिले, नरम होऊ नये म्हणून.

बाबा स्टेशनवर नाही आले, गुडघा सुजला आहे. ओट्यावर बसले होते. मी पाया पडलो तं म्हणे, पोचला की सांग. मी म्हटलं, सांगतो. म्हणे, खरंच सांग.

सेवाग्राम गेल्यावर फोन पाहिला. बाबाचा व्हॉइस आला आहे. बाबानं आजपर्यंत मले व्हॉइस कधी पाठवला नाही. त्यायले ते बटन दाबून ठेवता येते हेच मले माहीत नव्हतं. शेजारच्या कोणाकडून शिकले असतील, का आईनं दाबून धरलं. मोठा आहे, एक मिनिटाच्या वर. एवढं बाबा सलग कधी बोलत नाही.

डब्यात माणसं फार आहेत. सगळ्यांसमोर व्हॉइस लावायचा नाही, एवढं या सुट्टीत शिकलो. फोन कानाले लावला की हळू ऐकू येते म्हणतात, पण गाडीचा खडखडाट आहे, अर्धं सुटन. बल्लारशाले गाडी बराच वेळ थांबते, खाली उतरून शांतपणे ऐकतो.

बल्लारशा गेलं. चहाले गर्दी होती.

निळा ठिपका आहे अजून. तिथं पोचलो, खाट भेटली, की सगळ्यात आधी तेच काम. नंतर ऐकतो.